पावणाईचा चेला

खाजणवाडीच्या धक्क्याला ‘पावणाई’ बोट लागली, की इंजिनं बंद होण्याआधी ती दोनदा गुरगुरायची. आधी डावं इंजिन, मग उजवं. आवाज काही मोठा नसे. ओळखीच्या माणसानं दाराची कडी वाजवावी तेवढाच. विश्राम गिरपाची ती सवय. घर धक्क्याच्या अगदी डोक्यावर, साधी हाक मारली तरी पोचली असती. पण विश्राम बोलण्याच्या बाबतीत भलताच आळशी, त्यामुळे ‘आम्ही आलो’ हे तो इंजिनांकडून वदवून घ्यायचा. घरात आजीपाशी ठेवलेली त्याची लहानगी लेक तन्वी तो आवाज ऐकला की हातातला घास टाकून धक्क्याकडे पळत सुटायची.

विश्रामला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याच धक्क्यावर दोर गुंडाळता गुंडाळता छातीत कळ आली, तो खाली बसला आणि उठलाच नाही. जन्मभर समुद्रावर काढून माणूस गेला तो कोरड्या जमिनीवर.

आणि पावणाई मात्र रोज संध्याकाळी गुरगुरत होती. आधी डावं, मग उजवं. तो आवाज आला की वरच्या घराची खाडीकडची खिडकी धाडकन बंद होई. खिडकी लावणारी तन्वीच. आता ती चांगली चोवीस वर्षांची होती, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर तंत्रज्ञ म्हणून कामाला जात होती, आणि बाप गेल्यापासून तिनं पावणाईवर पाऊल ठेवलं नव्हतं. कामावरसुद्धा ती दुसऱ्या बोटीनं जाई. आईला तिनं एकदा सरळ विचारलं होतं, मेलेल्या माणसाचा आवाज रोज दाराशी आणून तुला काय मिळतं? दर्शनाला मिळत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या गुरगुरण्याच्या क्षणापुरती ती विधवा नसायची, एवढंच.

हा सगळा चेल्याचा खेळ होता.

चेला म्हणजे बोटीवर बसवलेलं एक यंत्र; हे नाव दर्यावरच्या लोकांनी ठेवलेलं. बनवणाऱ्या कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं आणि ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. दोन इंजिनांच्या बोटीवर तेलाची व्यवस्था सांभाळणं हे जिकिरीचं काम. दोन इंजिनं, दोन टाक्या. एरवी डाव्यानं डाव्या टाकीतून प्यायचं, उजव्यानं उजव्या. पण लाटा वाढल्या, एका बाजूला माणसं जास्त बसली, एखाद्या टाकीत पाणी उतरलं, की कुठल्या इंजिनाला कुठलं तेल किती द्यायचं हे घडोघडी ठरवावं लागतं. चुकलं की बोट एका कुशीवर कलते किंवा भर समुद्रात गप्प होते. चांगला तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, हे हिशेबानं करत नाही. पायाखालच्या थरथरीवरून, इंजिनाच्या सुरावरून त्याचा हात आपोआप चालतो.

चेला तो हात शिकायचा. टाक्यांखाली वजनाच्या पट्ट्या, तेलाच्या नळ्यांवर कान, वेगाच्या लिव्हरवर आणि तेलाच्या कॉकवर, म्हणजे तोट्यांवर, छोट्या मोटरी, आणि लिव्हरच्या मुठींवर माणसाचा तळवा ओळखणारं पातळ कातडं. दोन हंगाम तो नुसता बघत राही. तिसऱ्या हंगामात तांडेलानं चाक धरायचं आणि बाकीचं चेल्यानं करायचं, अगदी त्या तांडेलाच्याच ढंगानं. कारणं त्याला शिकवलेलीच नव्हती, सवयी तेवढ्या शिकवल्या होत्या. आणि एक नियम त्याच्यात पक्का बसवला होता: जिथं माणसाचा हात पडेल तिथं चेल्यानं मागं सरायचं. एखाद्या कामावर वारंवार हात पडू लागला, तर ते काम हाताचं समजून सोडून द्यायचं.

पावणाईवर चेला बसवायला माणसं आली तेव्हा त्यांच्याकडे एक मोटर कमी पडली होती. डिझेलचं इंजिन जेवढं तेल ओढतं तेवढं जाळत नाही. थोडं जाळतं, उरलेलं गरम होऊन दुसऱ्या नळीनं टाकीत परत जातं. म्हणून एखाद्या इंजिनाची टाकी बदलायची असेल तर दोन कॉक फिरवावे लागतात, तेल आणणारा आणि तेल परत नेणारा. नाहीतर तेल यायचं एका टाकीतून आणि जायचं दुसऱ्या टाकीत. पावणाईवर आणणारा कॉक केबिनमध्ये हाताशी होता, आणि रिटर्नचा कॉक खाली इंजिनखोलीच्या पोटात, जुना, पितळी, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय न फिरणारा. मोटर पुढच्या खेपेला आणतो, असं ती माणसं म्हणाली. विश्रामनं त्यांना वाटेला लावलं.

“त्या कॉकाक माझी बायल असा,” तो म्हणाला. “मोटर कशाक व्हयी?”

आणि ते खरंच होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दर्शना बोटीवर आली ती इंजिनावरची माणूस म्हणून. विश्राम वर चाकाशी, ती खाली तेलाच्या वासात. समुद्रावर त्याचा मोठा आवाज निघायचा तो वर्षातून चार-दोन वेळाच, टाकी बदलायची वेळ आली की. “दर्शू, रिटर्न!” एवढंच ओरडायचा. ती कॉक फिरवायची आणि खालून फळीवर मूठ आपटायची. या एवढ्याशा देवघेवीवर दोघांचा संसार झाला असं कुणी म्हटलं तर ते फारसं चूक नव्हतं.

तो गेल्यावर तिनं तांडेलाचा परवाना काढला आणि वर, त्याच्या खुर्चीत येऊन बसली. चाक तिच्या हातात, लिव्हर चेल्याकडे; टाकी बदलायची वेळ मात्र त्यानंतर कधी आली नव्हती. पहिल्या दिवशी लिव्हर आपोआप पुढं सरकली, अगदी त्याच्यासारखी, आधी जराशी अडखळून आणि मग एका दमात, तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं. मग हळूहळू तिनं सरकत्या लिव्हरवर आपला तळवा ठेवायला सुरुवात केली. धरायची नाही, नुसता ठेवायची. त्याच्या हातावर हात ठेवल्यासारखं वाटायचं.

आता कंपनीला हे नको होतं. प्रत्येक बोटीवर वेगळा चेला, वेगळ्या सवयी, काही तर मेलेल्या माणसांच्या. विमावाले कुरकुरू लागले होते. सगळ्या चेल्यांच्या पाट्या कोऱ्या करून त्यांना एकच तपासलेलं वळण द्यायचं ठरलं. त्या कामासाठी रत्नागिरीहून नसीमा काझी नावाची अभियंता आली. शांत मुलगी, मृदू बोलणारी. विश्रामबद्दल तिला कुणीतरी आधीच सांगितलं असावं, कारण धक्क्यावर आल्या आल्या तिनं यंत्राची पेटी उघडली नाही. आधी दर्शनाकडे चहा मागितला.

दर्शनानं तिला विनवलं नाही, तो तिचा स्वभाव नव्हता. एक फेरी माझ्याबरोबर मार, तो हात कसा चालतो ते बघ आणि मग काय पुसायचं ते पूस, असं ती म्हणाली. नसीमा कबूल झाली.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती आणि समुद्र अजून पुरता निवळला नव्हता. पावसाळाभर बोट धक्क्याला बांधून होती, आणि यंदापासून टाक्यांत नवं शेवाळतेल होतं. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेलं, धूर कमी करणारं, वासालाही बरं. खोड एकच, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि त्या पाण्याच्या थरावर काळी बुळबुळीत साय धरते. सकाळी निघण्याआधी दर्शनानं नेहमीप्रमाणे दोन्ही टाक्यांच्या तळाचं थोडं तेल काचेच्या बरणीत काढलं आणि उन्हाकडे धरलं. डावं स्वच्छ. उजव्यात काळे धागे. स्वच्छ येईपर्यंत तिनं तेल काढून टाकलं आणि एवढं पुरे, असं स्वतःला सांगितलं. एरवी तिनं टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारली असती. पण नसीमा केबिनमध्ये बसली होती आणि दर्शनाला तिला विश्राम दाखवायची घाई झाली होती.

माणसांना पवनचक्क्यांवर सोडायला जाताना सगळं सुरळीत पार पडलं. नसीमा लिव्हरची चाल बघत होती, मधूनच मान हलवत होती. एकदोनदा तिची नजर लिव्हरवर ठेवलेल्या दर्शनाच्या तळव्यावर थांबली. ती काहीतरी विचारणार होती, पण लाट आली आणि बिचारीला पोटातलं सांभाळावं लागलं.

दुपारनंतर वारा फिरला. पवनचक्क्यांवरची माणसं लवकर परत न्यायचा निरोप आला, आणि तन्वीची नेहमीची बोट बंद पडल्यानं तिच्या पाळीची माणसंही पावणाईवर चढली. तन्वी शेवटी आली. तिनं आईकडे बघितलं नाही. केबिनच्या दाराशी, लिव्हरकडे पाठ करून ती उभी राहिली. लेक आज बोटीवर आली या आनंदात दर्शनाला ती पाठसुद्धा चालली.

वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह डाव्या हाताला आलं आणि उजवं इंजिन खोकलं.

लाटांनी उजव्या टाकीचा तळ ढवळला होता. काळी साय नळीच्या तोंडाशी येऊन बसली होती आणि इंजिनाला घोट मिळत नव्हता. एका इंजिनावर एरवी घरी येता येतं. पण लाटा उजवीकडून बोटीला खडकांकडे रेटत होत्या आणि बोट माणसांनी भरलेली. दोन्ही इंजिनं चालू राहणं भाग होतं. दर्शनानं पास्कूला, तिच्या खलाशाला, पुढं नांगराशी पाठवलं. पास्कू विश्रामच्या मागून कामाला लागलेला; इंजिनखोलीची त्याला फारशी माहिती नव्हती.

तेवढ्यात हाताशी असलेला कॉक आपोआप फिरला. उजव्या इंजिनाला डाव्या टाकीचं तेल मिळू लागलं, खोकला थांबला, आवाज पुन्हा भरून आला. विश्रामनं हेच केलं असतं, एवढ्याच वेळात. दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघितलंस?” ती नसीमाला म्हणाली. नसीमानं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं मान हलवली.

बोट पुढं निघाली. दर्शना चाक धरून होती, पण तिला नीट बसवत नव्हतं. अंगात काहीतरी उठू बघत होतं. पाय खुर्चीखालून आपोआप जिन्याकडे वळत होते आणि ती त्यांना परत ओढून घेत होती. काय विसरलंय हे तिला कळेना. कान मात्र टवकारलेले होते. कसली तरी वाट बघत होते.

बोट उजवीकडे कलू लागली. आधी थोडी, मग लाटेबरोबर पाणी आत येण्याइतकी. तन्वी इतका वेळ पाठ करून उभी होती, ती वळली. तिनं काट्यांकडे बघितलं.

“आई, डावी टाकी बघ.”

डाव्या टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. दोन इंजिनं मिळूनही इतकं तेल पीत नाहीत. उजव्या टाकीचा काटा वर चढत होता.

“असांदे,” दर्शना म्हणाली. “बाबांका ठावक असा.”

आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. नसीमाच्या आलं. तन्वीच्या तर आलंच. दीड वर्ष जी गोष्ट तिनं खिडकी आपटून सांगितली होती ती आता तिनं आईच्या अगदी जवळ येऊन, हळू आवाजात सांगितली.

“आई, बाबा नाय आसत. ते आसते तर त्यांनी तुका साद घातल्यानी असती.”

साद. कान वाट बघत होते ती ही. दर्शनाला सगळं एकदम दिसलं. कॉक फिरवणारा हात चेल्यानं उचलला होता. हाक उचललेली नव्हती, कारण हाकेला मोटर नसते. रिटर्नचा कॉक खाली होता तसाच होता. डाव्या टाकीचं चांगलं तेल उजव्या इंजिनातून फिरून उजव्या घाणेरड्या टाकीत पडत होतं, आणि ती इथं वर, नवऱ्याच्या खुर्चीत, नवऱ्याच्या हाकेची वाट बघत बसली होती. थोड्याच वेळात डावी टाकी कोरडी पडली असती आणि दोन्ही इंजिनं बरोबरच गप्प झाली असती. खडकांवर फुटणारं पाणी आता नीट ऐकू येत होतं.

चाक सोडणं शक्य नव्हतं. सोडलं असतं तर बोट लाटेला आडवी झाली असती. नसीमाला कॉक कुठला हे समजावत बसायला वेळ नव्हता. आणि समोर उभी होती ती लेक, जी लहानपणी सुट्टीच्या दिवशी खाली आईच्या मांडीला टेकून बसायची, आईच्या हातांवर आपले इवलेसे हात ठेवून तो पितळी कॉक दाबायची.

दर्शना ओरडली. असा आवाज तिनं जन्मात काढला नव्हता. तो तिच्या गळ्यातून आला खरा, पण चढउतार सगळा त्याचा होता, पहिला शब्द लांबवलेला आणि दुसरा तोडून टाकलेला.

“तनू, रिटर्न!”

तन्वीचा चेहरा मेणासारखा झाला. एक क्षण ती जागची हलली नाही, आणि त्या एका क्षणात दर्शनाला वाटलं, ही जाणार नाही, हे मी हिच्याकडे मागायला नको होतं. मग तन्वी वळली आणि जिन्यावरून खाली गेली.

वर नुसता लाटांचा आवाज. काटा उतरत होता. बोट कलत होती, बाकांवरची माणसं एकमेकांना धरून बसली होती. दर्शना चाकाला झोंबत होती आणि पायाखालच्या फळीकडे कान लावून होती. कॉक जुना होता, दीड वर्षात कुणी हलवला नव्हता. लेकीच्या हातात तेवढं बळ आहे का, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

फळीवर खालून मूठ आपटली.

काटा थांबला. कललेली बोट पुरती सरळ झाली नाही, पण अजून कलायची थांबली. डावी टाकी दोन्ही इंजिनांना पाजत राहिली आणि उरलेलं तेल आता तिच्याकडेच परत येऊ लागलं. दर्शनानं बोटीचं नाक खडकांपासून फिरवलं. दीपगृह हळूहळू मागं गेलं.

खाडीच्या तोंडाशी पाणी निवळल्यावर तिनं नसीमाकडे न बघता सांगितलं, “काढ त्याका.”

नसीमानं खात्री करून घेण्यासाठी विचारलं, चेला काढू? आत्ताच? दर्शनानं मान हलवली. तिला राग आला होता, आणि तो कुणावर हे तिला सांगता आलं नसतं. यंत्रावर रागावणं वेडेपणाचं, आणि मेलेल्या माणसावर रागावणं त्याहून. पण त्यानं साद घातली नव्हती. इतकी वर्षं एकदाही न चुकलेला माणूस, लेक बोटीवर असताना, खडक समोर असताना, गप्प राहिला होता. म्हणजे तो तिथं नव्हता. ती कुणाच्या तरी हाताचा ठसा उराशी धरून बसली होती, आणि त्या ठशानं सगळ्यांना बुडवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

नसीमानं पेटीतून चेल्याची वायर उपटली आणि पेटी मांडीवर घेऊन बसली. लिव्हरवरचा बारीक हिरवा दिवा विझला. आता लिव्हर नुसती लिव्हर होती. दर्शनानं एका हातात चाक आणि एका हातात लिव्हर घेऊन बोट खाडीत आणली. तन्वी वर येऊन तिच्या शेजारी उभी राहिली होती, कोपरापर्यंत तेलानं माखलेली. 

धक्का आला. पास्कूनं दोर फेकला. बोट धक्क्याला टेकली.

आणि पावणाई गुरगुरली. आधी डावं इंजिन, मग उजवं.

नसीमानं मांडीवरच्या पेटीकडे बघितलं. वायर तिच्या बोटांत लोंबत होती.  दर्शनाला वाटलं, हा खरंच आहे, यंत्र नसतानाही आहे, मी उगाच त्याला बोल लावला. तिनं तन्वीकडे बघितलं, म्हणजे निदान आता तरी तिला पटेल. तन्वी तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती खाली, लिव्हरकडे बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “ता तू केलंस.”

दर्शनाचा उजवा हात लिव्हरच्या दोन्ही मुठींवर होता. अंगठा डावीवर, मधलं बोट उजवीवर. विश्राम असाच धरायचा. तिनं तो हात असा उचलला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

माणसं उतरून गेल्यावर नसीमानं तिला समजावून सांगितलं, आणि फार जपून सांगितलं. चेल्यावर हात ठेवला की चेला मागं सरतो. दर्शनाताई रोज त्याच्या लिव्हरवर तळवा ठेवत होत्या. पहिले काही महिने ते गुरगुरणं त्यानंच केलं असेल, पण रोज तिथं माणसाचा हात आहे म्हटल्यावर त्यानं ते काम कधीच सोडून दिलं असणार. लिव्हरची चालही तशीच, सकाळीच नसीमाला शंका आली होती. हात काय करतो हे माणसाला प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. बाकीही जिथं जिथं दर्शनाताईंचा हात रोज पडला तिथं तिथं चेला रिकामा होत गेला. जिथं पडला नाही ती एकच जागा, टाकी बदलायचा कॉक. विश्रामभाऊंचं म्हणावं असं तेवढंच त्याच्यात शिल्लक होतं, आणि तेही अर्धं, कारण उरलेलं अर्धं त्यांचं कधी नव्हतंच.

ते अर्धं कुणाचं होतं हे तिला सांगावं लागलं नाही.

दर्शना खुर्चीत बसून राहिली. दीड वर्ष ती ज्याची राखण करत होती तो कधीच निघून गेला होता, आणि जाताना तिनंच, त्याच्या हातावर हात ठेवता ठेवता, त्याला ढकलून लावलं होतं. रोज संध्याकाळी धक्क्यावर येत होती ती एकटीच. तिला रडू आलं नाही. फार मोठी दमणूक आली, आणि त्या दमणुकीच्या आत कुठंतरी लाजही वाटली.

तन्वी तिच्या पायाशी फळीवर बसली होती. ती फळीकडे बघतच बोलली. इतके दिवस मी बाबांवर खिडकी लावत होते असं मला वाटायचं, ती म्हणाली. ती तुझ्यावर लावत होते.

दुसऱ्या दिवशी नसीमानं चेल्याची पाटी कोरी केली. आधी तिनं दर्शनाला परत एकदा विचारलं. दर्शनानं बरणी पुसता पुसता होकार दिला. सकाळभर दोघींनी मिळून उजवी टाकी उपसून काढली होती, तळाची काळी साय खरवडून बादलीत भरली होती. रिटर्नच्या कॉकला मोटर बसवायची का, हे विचारताना नसीमा अडखळली. विश्रामचं ते जुनं उत्तर तिच्याही कानावर आलं होतं.

“बसव,” दर्शना म्हणाली. “ती बायल आता वर बसता.”

त्या संध्याकाळी पावणाई नव्या वळणानं घरी आली. लिव्हर सरकायची ती एकसारखी, न अडखळता, परक्या माणसासारखी सभ्य. दर्शनानं डावा हात चाकावर ठेवला होता आणि उजवा मांडीवर, घट्ट मिटून. धक्का जवळ आला. इंजिनं बंद करायला माणूस लागत नव्हता. बोट टेकली, इंजिनांचा आवाज उतरत गेला आणि बंद झाला. नवऱ्याचं अंग थंड पडताना ती जवळच होती. तेव्हाही अशीच शांतता आली होती.

मिटलेली मूठ तिच्या मांडीवर दोनदा आपटली. तिनं ती आपटली नव्हती. कापडावरचा आवाज, तो कुणाला ऐकू जाणार?

तिनं मान वर केली. खाडीकडची खिडकी उघडी होती. तन्वी एक हात झडपेवर ठेवून उभी होती, रोज उभी राहत असावी तशी. बोट लागलेली तिला दिसत होती, पण आवाज आला नव्हता, आणि हात झडपेवर तसाच राहिला होता.  खाली पाणी धक्क्याला लागत होतं.

मग तन्वीनं झडप सोडली आणि खिडकीतून बाहेर वाकली.

“आई, इलंस?”

‘आलीस का’ हे या घरातून कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची वेळच कधी आली नव्हती.   उत्तर द्यायला आता दर्शनाशिवाय कुणी नव्हतं.

“इलंय,” ती म्हणाली, आणि वर ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.